उद्या डबा पाठवू नको

लातूरला एका कोचिंग क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलवर मी रेक्टर होते. माझं खरं काम एकच, पोरींना घरच्यांशी बोलू न देणं. फोन फक्त रविवारी. बाकी दिवस आई-बापांना मीच सांगायचं, "मजेत आहे, अभ्यास करतीय." थापा मारून मारून मला स्वतःचाच वीट आला होता. राजीनामा मोबाइलमध्ये लिहून तयार होता. पण पाठवू कसा? दुसरी नोकरी हातात नव्हती, बाबा गेल्यापासून घर माझ्याच पगारावर. आणि अहमदपूरहून आई रोज सकाळच्या एसटीनं माझा डबा पाठवायची. कंडक्टरला ठणकावून सांगायची म्हणे, "रेक्टर मॅडमचा हाय, नीट न्या."

त्या दिवशी नायगावची एक पोरगी तापानं फणफणली होती. एकच घोकत होती, "मॅडम, मम्मीला एकदा फोन लावून द्या." मी हॉस्टेलच्या मालकांकडं, सरांकडं गेले. सर म्हणाले, "उद्या टेस्ट आहे. गोळी द्या. घरून विचारलं तर झोपलीय म्हणा."

मी तिथं उभी असतानाच तिच्या मम्मीचा फोन आला. "मॅडम, कालपासून जीव थाऱ्यावर न्हाई बघा. पोरगी बरी हाय ना?"

सर माझ्याकडं बघत होते. 'झोपलीय' अगदी ओठावर आलं होतं. मग डोकंच फिरलं माझं. "ताई, तिला लई ताप आहे. येऊन घेऊन जा."

"परत फोन लावा," सर ओरडले, "चुकून बोलले म्हणून सांगा!"

मी त्यांच्यासमोरच राजीनामा पाठवला. टेबलावर त्यांचा मोबाइल वाजला. वर जाऊन आधी त्या पोरीला तिच्या मम्मीशी पोटभर बोलू दिलं.

मग मात्र एकेक सुचायला लागलं. माती खाल्ली की काय आपण? आईला काय तोंड दाखवायचं? संध्याकाळी कसाबसा घरी फोन लावला.

"आई, उद्या डबा पाठवू नको."

"का गं? सुट्टी हाय?"

"नोकरी सोडली."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"दुसरी मिळाली?"

"न्हाई."

तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मंग जेवायच्या येळेला ये उद्या," आई म्हणाली. "आन् माझे दोन डबे तिकडंच हायेत, ते इसरू नको."