माझं न बिघडलेलं पोट

माझ्या लग्नाच्या दिवशी चर्चमधून घरी परतलो, बँडवाले मांडवात शिरले आणि मी मांडवातून बाहेर पडलो. नवरी स्टेजवर एकटी, समोर भेटायला आलेल्यांची रांग आणि नवरा अर्धा तास गायब. "पोट बिघडलंय त्याचं," आईने सगळ्यांना सांगितलं. आमच्या सांडोर गावात सगळ्यांना ते पटलं, फक्त बायकोला पटलं नाही. मला हे लग्नच नको होतं, असं तिने मनाशी धरलं ते दहा वर्षं सोडलं नाही. भांडण मीठ संपण्यावरून सुरू झालं तरी त्या स्टेजवर जाऊन थांबायचं.

मला ती हवी होती. पण मी असा का, हे मलाच सांगता येईना. गावाने मला शिष्ट ठरवलं होतं, ऑफिसने विक्षिप्त. मी दोन्ही मान्य करून टाकलं होतं.

एका रविवारी तिनेच पेपरची पुरवणी माझ्यापुढे टाकली. ऑटिझमवरचा लेख होता, लहान मुलांबद्दलचा.

"वाच. हे पोर म्हणजे तूच."

त्यानंतर डॉक्टर शोधण्यात वर्ष गेलं. तुम्ही नोकरी करता, तुम्हाला कुठला ऑटिझम, असं जो तो म्हणायचा. शेवटी मुंबईतल्या एक डॉक्टरबाई तयार झाल्या. त्यांच्याकडे खुर्च्याही लहान मुलांच्याच होत्या. लहानपणापासून पाहिलेलं कोणीतरी आणा, एवढीच त्यांची अट. म्हणून आईला नेलं. बायको सोबत होतीच.

"लहानपणी गोंगाट झाला की हा काय करायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

आईने फादरांशी बोलायची ठेवणीतली मराठी काढली. "सणाला बँड आला की वाडीत पळायचा. तिथे बावखल आहे, म्हणजे आमचं तळं, त्याच्या काठी केळीखाली पाण्याकडे बघत बसायचा. मी तिथे त्याच्यासाठी लाकडी पाट ठेवला होता. लग्नातही तिथेच होता. नवरीच्या माणसांना काय सांगणार, पोरगा बँडला घाबरतो? म्हणून पोट म्हटलं."

बायको त्या इवल्याशा खुर्चीत माझ्याकडे वळली. "बावखलावर होतास?"

"हो."

"मग दहा वर्षं पोट पोट काय करत होतास?"

"आईने तसंच सांगायला सांगितलं होतं."

ती हसली आणि हसता हसता रडली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी निदान लिहून दिलं. तेव्हा रडायची पाळी माझी होती. मी वाईट माणूस नव्हतो, याचा मला फार आनंद झाला.

त्याच वर्षी गावी चुलतभावाचं लग्न निघालं. बँड गल्लीत वळला तशी बायको कानाशी म्हणाली, "जा." मी उठलो. मागून चुलतीने काहीतरी विचारलं आणि बायकोचा ठणठणीत आवाज ऐकू आला, "पोट बिघडलंय त्याचं."

आईचा पाट कधीच कुजून गेला होता. बावखलाच्या काठी, केळीखाली, आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातलं लाल स्टूल होतं. सकाळपासून मी ते शोधत होतो.