सहा फुटांचा पाइप, बारा फुटांची पट्टी

ते प्रकरण कुठल्याच ठाण्याच्या डायरीत नाही, पण मला ते नीट आठवतं. नाव कुणाचं घेणार नाही.

मी चौथी शिकलेली. पोलिसात शिपाई म्हणून लागले, जमादार म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे अमेरिकेत पार्सिपनीला राहायला आले. २००४ चा हिवाळा होता. शेजारी नागपूरचे एक इंजिनीअर, तेही निवृत्त. त्यांच्या दारात मोटरहोम उभी असे, म्हणजे आत पलंग, चूल, न्हाणीघर असलेली मोठी गाडी. थंडीत तिच्यातलं पाणी गोठू नये म्हणून पाइपला विजेवर तापणारी पट्टी लावतात. तिला हीट टेप म्हणतात.

खबर त्यांच्या बायकोनं दिली. सकाळी मेथी निवडता निवडता म्हणाली, "ताई, गाडीत जळका वास येतो. यांना सांगितलं तर म्हणतात, तुझंच नाक बिघडलंय. आज मुलगी येतेय बाळाला घेऊन. दोघं गाडीतच झोपणार आहेत."

खबर देणारा घाबरलेला असला की खबर बहुधा खरी असते. मी स्वेटर चढवला आणि गेले.

गृहस्थ गाडीच्या दारातच आडवे आले. "जमादारबाई, तुमचं इथं काय काम? मी आयुष्यभर इंजिनीअरिंग केलंय."

"केलं असेल. पट्टी केवढी आणली?"

"बारा फुटी. सेलमध्ये तेवढीच होती."

"आणि पाइप केवढा?"

"सहा फूट. का?"

चोराला 'चोरी केलीस का' असं विचारायचं नसतं. माल किती गेला, किती सापडला, एवढंच विचारायचं.

"मग उरलेली सहा फूट पट्टी कुठंय?"

"तिच्यावरच परत गुंडाळली. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?"

"आणि वर?"

"हिची जुनी गोधडी. ऊब टिकते."

मी आधी प्लग काढला, मग पलंगाखालची फळी उचलली. गोधडी बाहेरून धडधाकट होती. सोडवली तर आतून करपलेली. पट्टीवर पट्टी चढली होती तिथं प्लास्टिक वितळून गोधडीला चिकटलं होतं.

तेवढ्यात मुलगी आली, बाळ खांद्यावर. "बाबा! धिस इज बर्न्ट! आम्ही इथं झोपणार होतो?"

"ओव्हररिॲक्ट करू नकोस. थोडा कलर बदललाय." आणि प्लग परत लावायला त्यांनी हात पुढे केला.

मी त्यांच्या बायकोकडून स्वयंपाकघरातली कात्री मागून घेतली आणि वायर प्लगपाशी कापली.

"ही माझी प्रॉपर्टी आहे!" ते ओरडले.

"मग फिरवा नऊ-एक-एक. पोलीस आले की गोधडी दाखवते. मला इंग्रजी येत नाही, पण जळलेलं कुणालाही वाचता येतं."

बायको हसली. त्याचा त्यांना माझ्या कात्रीपेक्षा जास्त राग आला. पण पाणी बंद करून पाइप रिकामा केला त्यांनीच. मुलगी आणि बाळ घरात दिवाणखान्यात झोपले.

पट्टीचा कागद नंतर रद्दीत सापडला. एकावर एक चढवू नका, वर काही गुंडाळू नका, असं चित्र काढून दाखवलं होतं. चौथीवालीला कळेल असं. त्यांनी तो उघडलाच नव्हता. पुढं मुलीनं बापाला समोर बसवून तो वाचायला लावला, मापाची नवी पट्टी आणली आणि पाइपवर सरळ, उघडी लावली.

या प्रकरणात गुन्हेगार कुणी नव्हता. काटकसर होती, आणि आपल्याला सगळं कळतं हा भरवसा होता. नोकरीत मी अनेक आगींचे पंचनामे केले, प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं की वास आधीपासून येत होता. म्हणून सांगते, वास आला की विचारा. समोरचा कितीही शिकलेला असो, विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर प्लग काढा.

ते गृहस्थ माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. बाळ तोवर चालायला लागलं होतं. त्यांच्या न बोलण्यानं माझं काही अडलं नाही.