आजींची कॅसेट आणि माझं गाऱ्हाणं

आखातात, अल सद्दच्या त्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकाला होते. साहेब गॅस कंपनीत, मॅडम पुण्याच्या, घरी गणपती बसवणाऱ्या. साहेबांच्या आईला मी आजी म्हणायचे. त्या गिरगावच्या ख्रिश्चन, मराठी माझ्याहून चांगली बोलायच्या. तरुणपणी त्या इटलीत ऑपेरात गात होत्या. ऑपेरा म्हणजे ज्या नाटकात भांडणसुद्धा गाऊन करतात. बायकांतला सगळ्यात उंच आवाज त्यांचा, त्याला सोप्रानो म्हणतात.

भाजी निवडताना त्या मला सगळं सांगायच्या. चर्चमध्ये गाताना एका इटालियन बाईने त्यांना हेरलं, शिकवलं, बोटीत बसवून दिलं. तिकडे काही वर्षं त्या नुसत्या घोळक्यात उभ्या राहून गायल्या. मुख्य बाई आजारी पडली तेव्हा त्यांना पुढे ढकललं, आणि मग त्या पुढेच राहिल्या.

"प्रत्येक नाटकात मी शेवटी मरायचे, बाय. क्षयाने, नाहीतर विष पिऊन. मरता मरता सगळ्यात वरचा सूर लावायचा. मग उठायचं आणि घरी जाऊन सूप प्यायचं."

वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्या परत आल्या. मुंबईत तसली नाटकं नव्हती. लग्न झालं, गाणं थांबलं. उरलं होतं ते एका कॅसेटवर. तिकडच्या रेडिओने त्यांचं गाणं भरून घेतलं होतं, ते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. रोज दुपारी त्या ती हळू आवाजात लावायच्या, कारण मॅडम म्हणायच्या, "ममी, शेजारी विचारतात, घरात कोण किंचाळतंय?"

गणपतीच्या आधी एका दुपारी आजींनी कॅसेट लावली आणि मॅडमचं भजन सुरू झालं. दोन्ही बाजूंना भजनच.

"अय्या, ती होय?" मॅडम म्हणाल्या. "चुकून झालं. गणपतीत गायचंय ना, सराव भरून बघत होते."

साहेब पेपर वाचत राहिले.

कॅसेट मी उचलून ठेवली तेव्हा पाहिलं. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकच्या दोन चौकोनी खिट्या असतात, त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. आजींनी त्या कधीच मोडल्या होत्या. आता तिथल्या भोकांवर, पुन्हा भरता यावं म्हणून, चिकटपट्टी लावलेली होती, कात्रीने नीट कापून. चुकून कोणी कात्री घेत नाही.

आजींना ते दाखवलं. त्या रडल्या नाहीत. "तुमच्या गावात अशा माणसाचं काय करतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. होकार पडला की ते देवाकडे पोचलं.

"आणि जिच्यावर राग ती तिथेच असली तर?"

"तर तिनेही म्हणायचं."

आजी पुष्कळ दिवसांनी हसल्या. मग मला स्वयंपाकघरात उभं करून म्हणाल्या, "पोटातून बोल. गळ्यातून बोललीस तर पहिल्या रांगेलाही ऐकू जाणार नाही."

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, आणि गाऱ्हाणं आमच्याकडे पुरुष घालतात. पण घरी गणपतीला जमलेल्यांत आमच्या मालवणकडचे बरेच होते. गाऱ्हाणं घालणारे काका ड्युटीवर अडकले होते. "आता कोण घालणार?" कोणीतरी विचारलं.

"आमची बाय घालेल," आजी खुर्चीतून म्हणाल्या.

"घाल गो, लाजतंस कित्याक?" एक काकू म्हणाल्या. मॅडमही कौतुकाने हसल्या.

मी पदर घट्ट धरून पुढे झाले. "बा गणराया, परक्या मुलखात लेकरांनी तुझी सेवा केली हा, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"पोराटोरांक सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा."

मी पोटात श्वास भरला. "ह्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचो आवाज कोणी जाणानबुजान पुसलो आसात, तर तेचो गळो बसांदे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मॅडमही म्हणाल्या, हात जोडून, पाहुण्यांकडे बघत. तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं. तेवढ्यात आजींनी तेच शब्द एकट्याने म्हटले, गाऊन, सगळ्यात वरच्या सुरात. ताटातली पळी थरथरल्यासारखी वाटली. एरवी पेपरात असणारे साहेब मान वर करून आईकडे बघत राहिले.

पुढे मॅडमचं भजन होतं. पहिल्या ओळीला खाकरल्या, दुसरीला पाणी मागितलं, तिसरी आलीच नाही.

माझा व्हिसा पुढे वाढवला नाही. "खलास," मॅडम म्हणाल्या, तेही घोगऱ्या आवाजात. आजी लिफ्टपर्यंत आल्या आणि माझ्या पोटावर बोट टेकवून हसल्या.

आवाज एसीने बसला असेल, थंड पाण्याने बसला असेल. घातलेलं गाऱ्हाणं उतरवताही येतं, देवापुढे नारळ ठेवून सांगायचं असतं. इथे गावात देऊळ माझ्या घरापासून जवळ आहे, दारात नारळाची झाडंही आहेत. मी नारळ ठेवलेला नाही.