का मले, बी मले

देवीच्या नावांच्या अर्थाबद्दल मी लिहावं, एवढी माझी तयारी नाही, हे आधीच कबूल करतो. मी वर्ध्याला खोली करून राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. संस्कृत हा विषय मी आवडीनं घेतला नव्हता. प्रवेशाला उशिरा पोचलो आणि त्या वर्गात जागा होती, एवढंच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे कोणता विषय घेऊ हे विचारायला घरी कोणी नव्हतं. जाणकारांना या लिखाणात चुका दिसतील. त्यांनी रागावू नये. मला फक्त तीन नावांबद्दल सांगायचं आहे, आणि तेही आईमुळे.

आमचं गाव पुलगावजवळचं नाचणगाव. गावात बायकांचं भजन मंडळ आहे. त्यात आई मधोमध बसून ओळ उचलायची आणि बाकीच्या तिच्यामागून म्हणायच्या. त्यांचं एक भजन सगळं देवीच्या नावांचं आहे. ते कोणी रचलं ते कोणालाच माहीत नाही, सासूकडून सुनेकडे आलेलं. त्याच्या मधल्या ओळीत तीन नावं येतात: कमले, विमले, श्यामले.

बाहेरच्या वाचकांसाठी इथे एक सांगावं लागेल. तुम्ही 'मला' म्हणता, आम्ही 'मले' म्हणतो. तुमचं 'सुद्धा' ते आमचं 'बी', तुमचं 'काय' ते आमचं 'का'. त्यामुळे ती ओळ आमच्या मंडळात 'का मले, बी मले, श्याम ले' अशीच ऐकू आली आणि तशीच गायली गेली. तिचा अर्थही ठरून गेला होता. देवी प्रसाद वाटते आहे आणि बाया विचारताहेत: मला काय? मलाही दे, आणि श्यामला दे, म्हणजे कृष्णाला. मंडळातल्याच शेजारच्या काकूला त्यात एकच गोष्ट पटायची नाही.

"श्यामले काऊन?" ती म्हणायची. "तो तं चोरूनच खाते."

'बी मले' आलं की आई गाता गाता हात पुढे करायची. ते मला फार आवडायचं.

मागच्या नवरात्रात मंडळ पहिल्यांदाच पुलगावच्या भजन स्पर्धेत गेलं. गाणं झाल्यावर बाहेरगावचे परीक्षक माईकवर म्हणाले, "आवाज उत्तम. पण हे देवीचं भजन आहे की पंगतीतलं मागणं? देवीची नावं तरी नीट घ्या." त्यांनी हसत हसतच सांगितलं असेल. पण मांडव हसला. बराच वेळ हसला. मी मागे उभा होतो. आईनं मांडीवरचा पदर सारखा केला आणि खाली पाहत राहिली.

त्यानंतर ती भजनाला जायची, पण मागच्या रांगेत टाळ घेऊन बसायची. तोंड उघडायची नाही. मधल्या जागेवर काकूला बसवलं. काकू स्वतःच म्हणायची, "माहा आवाज म्हंजे रिकामा पिपा. पण बसते बाप्पा, कोनी तं बसलं पाह्यजे." मंडळ चालू राहिलं, पण त्यात आईचा आवाज नव्हता. घरात चुलीपाशीही नव्हता.

यंदा एके दिवशी वर्गात सरांनी फळ्यावर 'माला' हा शब्द चालवायला घेतला. शेवटी संबोधन लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "हे माले!" मागचे बाक फसकन हसले. कोणीतरी हळूच म्हणालं, "हे मले, ते तुले." सर वर्ध्याचेच, त्यांना कळलं. तेही हसले आणि म्हणाले, "अरे, ही हाक आहे. माळेला कोणी हाक मारत नाही, पण मारलीच तर अशी मारायची."

मी हसता हसता थांबलो. माला, माले. कमला, कमले. म्हणजे ती ओळ मागणं नव्हतीच. त्या तीन हाका होत्या.

हे मी आधी माझ्या खोलीतल्या मित्राला सांगितलं. तो बौद्ध घरातला, त्यानं पाली घेतलं आहे. तो म्हणाला, "आमच्याकडेबी तसंच. कञ्ञा म्हंजे कन्या, हाक मारली का कञ्ञे." मग म्हणाला, "मायले सांगितलं का?"

शनिवारी पुलगावला उतरलो तो सरळ घरी. आई अंगणात अंबाडीची भाजी निवडत होती. मी घाईघाईनं सगळं सांगितलं, बहुतेक उलटसुलट सांगितलं असेल. तिनं काड्या बाजूला सारल्या.

"मंग इतके वर्स मी काय मांगत होती?"

"काहीच नाई, माय. तू हाक मारत होती. नाव घेऊन. तू काकूले मारते ना, तशी."

इथे हे सांगायला हवं की शेजारच्या काकूचं नाव त्या तीन नावांतलंच एक आहे. कोणतं ते लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणाच्या भिंतीकडे पाहिलं आणि मान वर करून रोजच्यासारखी तिच्या नावाची हाक मारली. शेवटचा 'ए' लांबवत.

"काय वंऽ?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"पाह्य," आई मला म्हणाली. "आली देवी." आणि ती हसली. त्या ओळीवर ती हसू शकते, हे मी वर्षानंतर पाहत होतो.

काकू भिंतीवरून डोकावली. "कोन देवी? चाय ठेवली का नाई ते सांग."

मग आईला अर्थ हवा झाला. "नुसती हाक मारली अन् ते आली, म्हने काय काम हाय, तं मी काय सांगू? कोनाले बलावलं तेच मालूम नाई." मी पुढच्या आठवड्यात कोश पाहून, सरांना विचारून आलो. कमला म्हणजे कमळात राहणारी. विमला म्हणजे जिचा मळ गेला ती, स्वच्छ. श्यामला म्हणजे सावळी. आई प्रत्येक नाव तोंडात घोळवून पाहत होती. विमलाशी ती थबकली. आपले भाजी निवडून काळे पडलेले हात तिनं पाहिले आणि म्हणाली, "हे जरा दूरची वाटते. पन सावळी आपल्यातली हाय."

मला वाटतं अर्थ असाही लागतो. कोशात तसं नाही, म्हणून जोर देऊन सांगत नाही.

मंडळातल्या बायांनी यंदाच्या स्पर्धेसाठी तालीम सुरू केली. 'बी मले' जिभेवरून जाता जात नव्हतं. काकूनं उपाय काढला: प्रत्येक नावाआधी भिंतीपलीकडे कोणी आहे असं समजायचं आणि बोलवायचं. त्यानं नावं सुटी झाली. आता प्रत्येक नावाला चेहरा असल्यासारखं ऐकू येत होतं. पण आई मागेच. शेवटच्या तालमीनंतर घरी येताना मी विचारलंच.

"नावं बसली रे तोंडात," ती म्हणाली. "पन त्या माईकपुढं बसाचं म्हटलं का मले तेच हासनं ऐकू येते."

मी तिच्या हातातले टाळ घेतले. थोडं चालल्यावर म्हटलं, "माय, हाक ज्याले मारली त्याचीच असते. तू हासनाऱ्यायले कुठं मारून राह्यली? तिले मारून राह्यली ना?"

"पाहू," ती म्हणाली. "तू परीक्षेचं पाह्य."

स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी माझा व्याकरणाचा पेपर होता, म्हणून मी वर्ध्यालाच राहिलो. संध्याकाळभर पुस्तक उघडं होतं आणि फोन त्यावर ठेवलेला. मित्र अधूनमधून विचारायचा, "आला का?" आठच्या सुमाराला काकूचा आला. मी आवाज मोठा केला.

"बाबू, मांडव लय मोठा होता. अन् मसाला भात..."

"काकू, माय कुठं बसली होती?"

"मांगंच. सांगू दे नं! आपलं भजन सुरू झालं, अन् मंधातल्या नावाच्या ओळीवरच माईक बंद. माहा आवाज तं तुले मालूम हाय. मी थांबली. सगया बाया थांबल्या. तं मांगून तुया मायनं हाक टाकली. माह्या नावाची! भित्तीवरून टाकते तश्शी. अन् मी येडी, मांगं पाहून म्हटलं, 'काय वंऽ?'"

मित्र पलंगावर आडवा होऊन हसायला लागला. मला हसता येईना.

"लोक हासले?"

"हासले म्हंजे! मांडव हालला. मले वाटलं, झालं, आता हे उठून जाते. तं तुई मायच हासून राह्यली, पोट धरून. अन् हासता हासताच तिनं दुसरं नाव घेतलं, मंग तिसरं. मांडव गपकन चूप. माईक नाई, काई नाई, पार सडकेवर ऐकू गेलं. मी सरकली अन् तिले मंधात बसवलं. लोकायनं ते ओळ परत म्हनाले लावली."

"तिले फोन दे ना."

"देऊन काय फायदा? घसा बसला तिचा. नुसती मान हालवते."

"अन् नंबर?"

"अवं माय! तेच सांगाचं राह्यलं," काकू ओरडली. "पयला, बाबू! बक्षिसाची ढाल तुया मायच्या मांडीवर हाय. मी मांगितली तं देऊन नाई राह्यली."