ओढणीआडचं हसू

सम्राटची सवयच होती: चहाचा ग्लास आधी उजेडात धरायचा, त्यातून पलीकडे काय दिसतं ते बघायचं, मगच घोट घ्यायचा. कुणी चष्मा घालून आलं की काचेत कशाची सावली पडलीय ते वाकून पाहायचं. गप्पा मारतानाही तर्जनी टेबलावर माउस दाबल्यासारखी हलत राहायची.

सम्राट सावेडीतल्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायचा. नवरीची जाळीदार ओढणी फोटोतून अलगद सोडवून दुसऱ्या देखाव्यावर बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जाळीतून मागचं दिसतच. नवख्यांच्या कामात ते थोडंफार उरायचं. सम्राट ते पार धुऊन काढायचा.

रुपाली नावाच्या नवरीचा फोटो स्क्रीनवर आला, तेव्हा सहादेवशेठ त्याच्या मागेच उभे होते. गुलाबी ओढणीआड एक बाई, हातात उष्ट्या ताटांची चळत घेऊन, तोंडभर हसत होती.

"ही ताटंवाली काढ रे. नवरीपेक्षा हिलाच आनंद झालाय."

"शेठ, ती..."

"कोण? करवली का?"

सगळे हसले. सम्राटही हसला.

ती त्याची आई होती, चांगुणाबाई. लग्नांत ताटं उचलायच्या कामाला जायची. कुणी मोबाईल समोर धरला की पदर तोंडावर ओढायची. त्या दिवशी तेवढी विसरली होती. सम्राटने तिला काढलं आणि जाळीमागे गुलाबाची बाग बसवली.

"फोटूत आली का रं मी?" घरी तिने विचारलं.

"न्हाई."

"बरं झालं बाई. दात पुढं हायेत माझे."

उन्हाळ्यात ती गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तिचा फोटो हवा होता. आधार कार्डावर ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती.

"जगाचे फोटू करतो," लंकामावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "आन् आईचा एक न्हाई व्हय रं?"

अल्बम गेला की मूळ फोटो पुसून टाकायची स्टुडिओची रीत. उरला होता तो सम्राटने केलेला. त्याने ओढणी स्क्रीनभर मोठी केली. जाळीचं एकेक भोक तपासलं. सगळीकडे गुलाब. एका कडेला पुसटसा तपकिरी डाग सापडला. हनुवटी असेल, नाहीतर जरीची सावली. तो डागावर चेहरा चढवायला बसला.

कार्यक्रमाला माणसं जमली. बुद्धमूर्तीशेजारच्या फ्रेममध्ये दुकानातला कोरा पुठ्ठाच होता. मावशी न आलेल्या सम्राटला फोन करत राहिली.

स्टुडिओतला स्क्रीन चालूच होता, खुर्ची रिकामी. डागाच्या वर पुढे आलेले दोन दात रेखून झाले होते. ओठ राहिले होते; तिथे त्याला पदरच आठवत होता.