जावळ काढणारा रडका

अंबरनाथ स्टेशनजवळच्या सलूनमध्ये आम्ही भाच्याचं जावळ काढायला गेलो होतो. मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणून पोराला घेऊन मीच बसलो. वस्तरा बघताच त्यानं असं भोकाड पसरलं की ताई म्हणाली, "राहू दे, कापेल कुठेतरी."

सलूनवाला चाळिशीचा, टकला. त्यानं भाच्याकडे बघत ओठ काढला आणि हुंदके द्यायला लागला. डोळ्यांतून खरंखुरं पाणी! भाचा गप्प झाला, टक लावून बघत राहिला, मग खुदकन हसला. सलूनवाला रडत रडतच वस्तरा चालवत होता. हात मात्र जरासुद्धा हलला नाही.

ताई एकदम ओरडली, "अहो, केबलवर लागतो तो पिक्चर... जत्रेत हरवलेला मुलगा तुम्हीच ना?"

"मीच. जेवढे पिक्चर केले, तेवढ्यांत रडलो. मिसरूड फुटलं न् बोलावणं बंद झालं."

"वाईट वाटलं असेल," मी म्हणालो.

त्यानं बाहीनं गाल पुसले. "छे हो, मामा! तिकडे मी रडलो की अख्खं थेटर रडायचं. इकडे पोरं हसतात."

दारात पुढचं पोर किंचाळत आलं. सलूनवाल्यानं खुशीत वस्तरा पुसला आणि ओठ काढला.