बाटलीतलं गलबत

वेळ अमावास्येच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या दुपारी औशाजवळच्या शेतात वडील गेले. जेवण झालं होतं. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीला टेकून ते बसले आणि नंतर उठले नाहीत.

वडील लातूरचे, पण उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली. तिथल्या एका कोकणी म्हाताऱ्या खलाशाने त्यांना आपल्या आजोबांनी घडवलेलं बाटलीतलं गलबत दिलं होतं. असं गलबत डोलकाठ्या निजवून बाटलीत सरकवतात आणि तोंडाबाहेर ठेवलेले दोरे ओढून काठ्या उभ्या करतात. या गलबताचे दोरे कुजले होते, काठ्या पडल्या होत्या. दोन वर्षं वडील लांब चिमट्याने आत नवे दोरे ओवत होते. आत्या म्हणायची, "लातुरात प्यायला टँकर येतोय, आन् दादाचं जहाज निघालंय." वडील नुसते हसत.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तिन्ही दोरे बाहेर आले. मी म्हटलं, आता ओढा. ते नको म्हणाले. अमावास्येच्या तोंडावर डोलकाठी उभी करायची नाही, असं त्या खलाशाने त्यांना शिकवलं होतं.

"परवा करू. कोणता दोरा आधी, ते दाखवतो तुला."

दहाव्याच्या आधी घर आवरताना आत्याने विचारलं, "हे दोरे लोंबून राहिलेत, कापू का?" मी तेराव्याच्या सामानाची यादी लिहीत होतो. न बघताच म्हणालो, "हाव."

तिने ते बाटलीच्या तोंडाशी कापले. टोकं आत घसरली. आठ दिवस मी वडिलांचा चिमटा घेऊन बसलो. एक टोक दिसत होतं, पण बाकीची दोन पडलेल्या काठ्यांखाली गेली होती, आणि कोणता दोरा आधी ओढायचा ते मला माहीत नव्हतं. खलाशाच्या गावी फोन लावला, तर तोही केव्हाच गेला होता आणि घरात हे काम कुणी शिकलं नव्हतं. शेवटी बाटली मांडीवर घेऊन बसने नांदेडला एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"बाटली फोडावी लागंल, सर. मंग दहा मिनिटांचं काम हाय."

मी ती तशीच परत आणली.

काय कापलं गेलं ते आत्याला मी सांगितलेलं नाही. ती आली की पदराने बाटली पुसते आणि काठ्या कधी उभ्या करणार म्हणून विचारते. बघू, म्हणतो.

गलबत कपाटावर आहे. काठ्या आडव्या आहेत. एका दोऱ्याचं टोक बाटलीच्या तोंडापासून बोटभर आत दिसतं.